दानिएलचा चेहरा

दीड हजार वर्षांपूर्वी एका दगडी माणसाचा चेहरा कोणी तासून काढला, एवढाच प्रश्न होता. त्या दगडी माणसाचं, तासणाऱ्याचं आणि अमरावतीचं काडीचंही नातं नव्हतं. खरं उत्तर दिलं असतं तर कोणी फासावर जाणार नव्हतं. तरी उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा मी मूग गिळून बसले, आणि त्याची लाज मला अजून जात नाही. म्हणून लिहितेय. कोणाला धडा शिकवायला नाही, तो धंदा मी कॉलेजात करते.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होते. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर मॅडम, सुट्ट्या लागल्या की कोणी नाही. दर जूनमध्ये नवा अर्ज, दर एप्रिलमध्ये "पाहू." स्टाफच्या फोटोत मला कायम अगदी कडेला उभं करायचे. पुढच्या वर्षी मी नसले तर कापायला सोपं जावं म्हणून, असं मी स्वतःच एकदा म्हणाले आणि सगळे इतके हसले की ते खरंच असणार हे मला कळलं.

माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकूनही असेच हसायचे. प्राचीन सिनेगॉगमधल्या शिल्पांत बायबलचे प्रसंग. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. कोरीव मूर्ती करायची नाही, ही त्यांची पक्की आज्ञा. आणि तरी चौथ्या, पाचव्या, सहाव्या शतकात गालील सरोवराच्या आसपास त्यांनी बांधलेल्या प्रार्थनास्थळांच्या चौकटींवर सिंह आहेत, गरुड आहेत, द्राक्षांचे वेल आहेत, आणि कुठे कुठे बायबलमधली माणसंसुद्धा. "अमरावतीत बसून हे दगड कोण पाहणार, हर्षा मॅडम? आपलं आपलं घ्या ना काही, अचलपूर आहे, गाविलगड आहे," असं आमचे विभागप्रमुख आणि माझे गाईड देवीदास सर मला सात वर्षं सांगत होते.

मी त्या विषयाकडे धर्मामुळे गेले नव्हते, दगडामुळे गेले. विद्यापीठाच्या लायब्ररीत हेमाडपंती देवळांवरचं काही शोधत होते, तर एका जाड पुस्तकात पानभर फोटो. काळा दगड, आपल्याकडच्यासारखाच काळा. मला वाटलं लोणारकडचं काही असेल. खाली वाचलं तर भलताच मुलूख. तिकडेही ज्वालामुखीचाच दगड, त्याच्यातच कोरलेलं. मध्ये दोन्ही हात वर करून उभा असलेला माणूस, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला सिंहीण आणि तिचं दूध पिणारा बछडा. वर एक ओळ लिहिलेली, कोणा दात्याचं भल्यासाठी स्मरण राहो अशी. माणूस म्हणजे दानिएल. राजाने हुकूम काढला होता की माझ्याशिवाय कोणापुढे हात जोडायचे नाहीत. दानिएलने ऐकलं नाही, म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं, आणि सिंहांनी त्याला तोंड लावलं नाही. इतकी साधी गोष्ट. फक्त त्या दानिएलला चेहरा नव्हता. सिंहांनाही नव्हता. चेहऱ्यांच्या जागी सपाट खरबरीत दगड.

काळ्या दगडाशी माझं नातं घरचं आहे. माझे बाबा, भगवंत, पाथरवट. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड आहे. पाटे, वरवंटे, खल करायचे. घरोघर मिक्सर आले तसं ते काम आटलं. मग मारुती, नंदी, समाधीवर लावायचे दगड. मी लहानपणी त्यांच्या ठोक्यांवर पाढे म्हटलेत.

तो फोटो मोठा छापून मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पंच्याला हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो उजेडाकडे धरला.

"हे कोनाचं काम?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ज्यू लोकांचं, बाबा. दीड हजार वर्षं झाले."

"घडवलं कोनं ते नाई विचारून राहिलो. उतरवलं कोनं?"

हा शब्द आमच्या घरचा. गावातला जुना मारुती झिजला, टवका उडाला, की नवा बसवतात आणि जुना नदीत सोडतात. पण सोडण्याआधी तो आमच्याकडे यायचा. देवाला चेहरा आहे तोवर तो पाहत असतो, आणि पाहणाऱ्या देवाला पाण्यात ढकलायचं नाही, असं माझे आजोबा म्हणत. म्हणून बारीक टाकीने, म्हणजे छिन्नीने, तिरपं धरून आधी डोळे काढायचे, मग नाक, मग तोंड. बाकी अंगाला धक्का लावायचा नाही. याला उतरवणं म्हणायचं. आणि ज्याने घडवलं त्याने उतरवायचं नाही, घरातल्या दुसऱ्या कोणी उतरवायचं. इतर पाथरवटांत ही रीत आहे की नाही मला माहीत नाही, आमच्या घरात होती.

"कोणी शत्रूनं फोडलं असन," मी म्हणाले. पुस्तकातही तसंच मोघम लिहिलं होतं.

बाबांनी फोटोवर बोट ठेवलं. "शत्रू घन घेऊन येते, हर्षे. एक घाव घातला का मुंडकं खाली. त्याले येळ असते का? हे पाह्य. डोयापासून सुरू केलं. तिरपी टाकी, बारीक बारीक. वरच्या अक्षराले खरोच नाई आली. छाती तशीच, हात तसेच. अन् हे लेकरू पाह्य, दूध पिऊन राहिलं, त्याले तं हातच नाई लावला. शत्रू लेकराले सोडते का? हे घरच्याचं काम आहे बाई."

मला तिथेच शेडमध्ये रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. सात वर्षं मी ज्या दगडाभोवती फिरत होते तो माझ्या बापाने चहा थंड व्हायच्या आत वाचला होता.

पुढची चार वर्षं मी ते सिद्ध करण्यात घातली. परदेशातल्या संग्रहालयाला पत्रं लिहून मोठमोठे फोटो मागवले, टाकीचा प्रत्येक घाव मोजला. काही ठिकाणच्या अशा पुसलेल्या चित्रांबद्दल मोठे अभ्यासकही तेच म्हणत होते. पुसणारे बाहेरून आले नव्हते, त्याच प्रार्थनास्थळात बसणारे होते. आजोबांनी हौसेने कोरलं, नातवांना ते पाप वाटायला लागलं, आणि त्यांनी आपल्याच हाताने, वरची पवित्र अक्षरं सांभाळून, चेहरे काढले. माझा प्रबंध तेवढ्यावरच उभा होता. त्यात बाबांचं नाव मात्र नाही. "एका स्थानिक कारागिराच्या निरीक्षणानुसार" असं आहे. वडिलांचं नाव घातलं तर लोक हसतील असं देवीदास सर म्हणाले, आणि मला ते पटलं. ही पहिली पायरी होती, तेव्हा लक्षात आली नाही.

मग गेल्या वर्षी आमच्या विभागात एक जागा निघाली. कायमची, एकच. मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात कॉलेजात राष्ट्रीय परिषद ठेवली, आणि संस्थेचे अध्यक्ष रामरावजी उद्घाटनाला येणार होते. तेच निवड समितीतही होते. देवीदास सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्टेजवर ते शुद्ध बोलतात, केबिनमध्ये नाही.

"नुसता पेपर वाचू नको. साहेबाले ऐकायचा कंटाया येते. पाहाले काही पाहिजे. तुये बाबा दगडाचं काम करते ना? तो तुया बिनतोंडाचा मानूस करून आन त्याहिच्याकडून."

मी हरखून अकोल्याला गेले. बाबांनी विचार केला नाही, लगेच हो म्हणाले. वय एकाहत्तर, दगडाच्या धुळीने छाती भरलेली, दहा ठोके मारले की खोकला. तरी तीन महिने ते त्या शिळेवर बसले. फोटो समोर भिंतीला लावलेला. सिंहिणीला आयाळ नसते, पण तिकडच्या कारागिराने थोडी दिली आहे, तर आपण द्यायची की नाही, असले प्रश्न ते मला रोज फोनवर विचारायचे. मी तासाला जाता जाता उत्तरं द्यायचे. माझ्या विषयात खरा रस घेणारा आयुष्यात एकच माणूस भेटला, तो सातवी शिकलेला होता.

परिषदेच्या दहा दिवस आधी मी पाहायला गेले आणि हादरले. दानिएलला चेहरा होता. डोळे, नाक, ओठ, दाढी, सगळं. सिंहांनाही.

"बाबा! असा नाही पाहिजे. फोटोत पाहा ना."

"मले दिसते," बाबा म्हणाले. "पन जे नाई ते कसं कोरू? आधी पुरा करा लागते. मंग काढा लागते. त्याहीनंबी तसंच केलं ना?"

चेहरा सुरेख होता. तरुण, जरासा थकलेला, आणि अजिबात न घाबरलेला. कोणासारखा असं म्हणता येणार नाही. माझी आई, माणिकबाई, दारात उभी होती, तिच्या कपाळावर आठ्या.

"आपल्या दारातून नवी वस्तू खंडित होऊन बाहेर गेली नाई आजवर," ती म्हणाली.

"देव नाई तो. मानूस आहे," बाबा म्हणाले.

"मंग मानसाचं तोंड फोडता का?"

 बाबांनी बारीक टाकी आणि हातोडी माझ्या हातात दिली. घडवणाऱ्याने उतरवायचं नाही. भाऊ नाही मला, आईने कधी टाकी धरली नाही. घरातलं दुसरं म्हणजे मीच.

मी बसले. त्या दिवशी सकाळीच सर काही तरी टोचून बोलले होते, ते डोक्यात होतं. पहिला ठोका जोरात बसला आणि भुवईचा मोठा टवका उडाला.

"हळू," बाबा म्हणाले. "राग कोनाचा आहे? रागानं नाई होत हे. असं मारशीन तं नाकासंगं गालबी जाईन, गालासंगं मान. तिरपी धर. उलशीक, नखभर."

खरंच रागाने होत नव्हतं. टाकी घसरायची किंवा जास्त खोल जायची. मन शांत करावं लागत होतं, समोरच्या चेहऱ्याकडे नीट पाहावं लागत होतं, कुठे संपतो, कुठे गळा सुरू होतो. डावा डोळा गेला, उजवा गेला. दोन तास लागले. शेवटी फक्त तोंड उरलं तेव्हा बाबांनी माझ्या मुठीवर मूठ ठेवली आणि दोघांनी मिळून ओठ काढले. सिंहाचा आणि सिंहिणीचा चेहराही मग तसाच काढला, बछड्याला हात लावला नाही. बाजूला धरलेल्या फोटोत आणि समोर, टाकीचे घाव तसेच, त्याच बाजूने, तेवढ्याच अंतराने. चार वर्षं मी जे फुटपट्टीने मोजलं ते त्या दुपारी माझ्या मनगटाला कळलं. हे घरच्यानेच केलं होतं, आणि त्याला ते करताना फार वाईट वाटलं होतं. हे मी शपथेवर सांगू शकले असते.

शिळा टेम्पोतून अमरावतीला आली. परिषदेच्या आदल्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये गेले तर तिच्या मागे बारा फुटांचा फ्लेक्स लागलेला. "आक्रमकांच्या विध्वंसाची मूक साक्ष." खाली माझं नाव, संशोधक म्हणून.

मी तडक केबिनमध्ये गेले. "सर, हे खोटं आहे."

"काय खोटं आहे?"

"आक्रमकांनी नाही फोडलं. माझा अख्खा प्रबंध त्याच्यावर आहे. तुमची सही आहे त्याच्यावर."

देवीदास सरांनी दार लोटून घेतलं. "बस. पानी पे. साहेबाचं भाषन आक्रमनावर आहे. त्याहिले तिथं एक फोडलेली मूर्ती पाहिजे, अन् तुयी मूर्ती फोडलेली आहे. इतलंच. तू उद्या स्टेजवर म्हनशीन का घरच्याहीनंच फोडली, तं त्याहीचं भाषन काय राहिन? अन् पुढच्या गुरुवारी मुलाखतीत समोर कोन बसून राहिन, मालूम आहे ना तुले?"

"पण खरं..."

"खरं तुया प्रबंधात आहेच ना. कोनी खोडलं का ते? राहू दे तिथं. कोन वाचते?" मग ते मवाळ झाले, तेच जास्त वाईट होतं. "अकरा वर्षं झाले हर्षा. माया हातात असतं तं कवाच केलं असतं. एक दिवस चूप राय. बाबाचा सत्कार ठेवला आहे, शाल-श्रीफळ. त्याहिले बरं वाटन."

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन केला आणि फ्लेक्सबद्दल सांगितलं. नोकरीबद्दलही सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. मला वाटतं, त्यांनी "खरं बोल" म्हणावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे ठरवायचं माझ्यावर राहिलं नसतं. ते एवढंच म्हणाले, "तू शिकलेली आहे. तुले जसं वाटन तसं."

हॉल भरला होता. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचं पांढरं धोतर-सदरा घालून, टोपी मांडीवर. आई आली नव्हती. रामरावजींनी शिळेवरचं कापड ओढलं, टाळ्या पडल्या. मग ते चाळीस मिनिटं बोलले. ज्यूंची मंदिरं फुटली, आपली फुटली, फोडणारा हात एकच होता, आणि पाहा, या चेहऱ्यावरचा प्रत्येक घाव द्वेषाने थरथरणारा आहे, असं म्हणत त्यांनी त्या सपाट दगडावरून हात फिरवला. मी तो घाव पाहत होते. उजव्या गालाजवळचा, मी श्वास रोखून घातलेला.

माझा पेपर मी वीस मिनिटांत वाचला. द्राक्षांचे वेल सांगितले, गरुड सांगितले, दाते कोण, दगड कुठला, सगळं सांगितलं. चेहऱ्याचं पान मी रात्रीच काढून ठेवलं होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मागून एक मुलगी उभी राहिली. प्रियदर्शनी, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, चांदूर रेल्वेहून रोज गाडीने येणारी. हिने माझा प्रबंध लायब्ररीत बसून वाचला होता. संपूर्ण विद्यापीठात हिने एकटीने.

"मॅडम, तुम्ही प्रबंधात लिहिलंय की हे चेहरे बाहेरच्यांनी फोडलेच नाहीत. वर्गातही तुम्ही तेच शिकवलं. घाव तिरपे आहेत, अक्षरं सांभाळली आहेत, बछड्याला सोडलं आहे. मग फ्लेक्सवर आक्रमक असं का लिहिलंय?"

हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. रामरावजी माझ्याकडे वळून पाहायला लागले, हसतच. देवीदास सर माईकमध्ये म्हणाले, "मॅडम उत्तर देतील."

मी उभी राहिले. खरं सांगते, मला त्या क्षणी काय म्हणायचं होतं हे मला आजही ठाऊक नाही. पुष्कळदा मी स्वतःला सांगते की मी खरंच बोलणार होते. तोंड उघडलं होतं, एवढं नक्की.

तेवढ्यात रामरावजी म्हणाले, "अहो, पुस्तकातलं कशाला? घडवणारे कारागीर इथंच बसले आहेत. दगडाचं त्यांना विचारा. द्या त्यांना माईक."

कोणी तरी बाबांच्या हातात माईक दिला. ते उठले. त्यांनी आधी शिळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"शत्रूनंच फोडलं साहेब," बाबा म्हणाले. "घरचा मानूस असं करन का?"

जोरात टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तरी बाबा बसले नाहीत. माईक छातीशी धरून तसेच उभे राहिले, माझ्याकडे पाहत. मला वाटलं त्यांना खोकला येतोय. माझ्या पुढ्यातही माईक होता, चालू होता. मी म्हणाले, "धन्यवाद," आणि खाली बसले. मग बाबाही बसले. मागे प्रियदर्शनीने वहीत काही तरी लिहून घेतलं. तिने माझ्याकडे पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. बाबांना मी बसस्टँडवर सोडलं. वाटेत ऑटोत आम्ही पावसापाण्याचं बोललो, पेपर बरा झाला का असं त्यांनी विचारलं, मी हो म्हणाले.

गुरुवारी मुलाखत झाली. रामरावजींनी विचारलं, "वडील बरे आहेत ना?" तेवढाच प्रश्न. पंधरा दिवसांत ऑर्डर आली. पुढच्या फोटोत मला मधोमध उभं केलं.

मी पेढे घेऊन अकोल्याला गेले. बाबा शेडमध्ये एका जुन्या पाट्याला टाकी लावत होते, कोणा म्हातारीला मिक्सरचं वाटण चालत नाही म्हणे. आईने पेढा घेतला, देवापुढे ठेवला, डोळे पुसले. बाबांनी ऑर्डरचा कागद हातात घेऊन पाहिला, वाचला नाही, घडी होती तशी घालून परत दिला. छान झालं, म्हणाले. आणि पुन्हा ठोकायला लागले.

मला ते सहन झालं नाही. अपराध माझा होता आणि संताप त्यांच्यावर येत होता. माझा स्वभावच असा आहे.

"तुमी कावून तसं बोलले, बाबा? तुमाले कोनं सांगितलं होतं खोटं बोलाले? मी उभी होती ना तिथं? मी दिलं असतं उत्तर. सगळ्याहिले वाटन, बापानं मिळवून देली नोकरी. वरतून तुमीच तं मले शिकवलं होतं ते, टाकी तिरपी, अक्षराले खरोच नाई. अन् तुमीच..."

मी खूप बोलले. आई मध्ये पडली, तिला गप्प केलं. बाबांनी हातोडी खाली ठेवली. पाट्यावरची भुकटी फुंकली. मग माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही.

"लहानपनापासून माया एक शब्द चुकला तं तू मले सोडलं नाई," ते म्हणाले. "चारचौघात टोकलं. पावन्याईत टोकलं. मले वाटलं, मी इतलं मोठं खोटं बोलून राहिलो म्हनल्यावर तू उठशीनच. म्हनशीन, बाबा, चूप बसा, तसं नाई ते. मंग तुले खरं बोलाले सोपं झालं असतं. बापालेच तं टोका लागलं असतं, साहेबाले थोडीच." त्यांनी टाकीही खाली ठेवली. "म्हनून उभा राहिलो ना मी, माईक धरून. वाट पाहून राहिलो होतो."

गल्लीतून कोणी तरी मोटारसायकल घेऊन गेलं. आई चुलीकडे वळली. माझ्या हातात पेढ्यांचा डबा होता, झाकण उघडं. काही तरी बोलायला हवं होतं, आणि मला जे आलं ते असं आलं.

"पेढा घ्या ना, बाबा."

त्यांनी सदऱ्याला हात पुसले आणि पेढा घेतला. सावकाश खाल्ला. मग म्हणाले, "चांगला आहे," आणि टाकी उचलली.